शिरोड्याच्या परसातील कोंबड्यांची वहिवाट

शिरोड्याचे नाव इतिहासात गाजले ते मिठामुळे. मे १९३० मधील सत्याग्रहाने येथील मिठागरे साऱ्या महाराष्ट्राच्या मुखी झाली. आणि मिठावर सरकारचा कर असल्यामुळे त्याची मोजदाद दप्तरातही होत राहिली. परंतु त्याच गावच्या माडांखाली, गोठ्याच्या आडोशाने, पिढ्यान्‌पिढ्या जे दुसरे धन नांदले, त्या गावठी कोंबड्यांच्या कळपाला असे दप्तर लाभले नाही. तो कळप सांभाळण्याची विद्या गृहिणींच्या हाती होती, आणि तिच्यातील सर्वांत नाजूक प्रकरण म्हणजे जुन्या कोंबड्यांत तरुण तलंगांचा प्रवेश. या साध्या दिसणाऱ्या कर्मालाही इतिहास आहे, व तो स्मरणात ठेवण्यास योग्य आहे.

त्याचे मूळ रानात सापडते. सर्व पाळीव कोंबड्यांचा पूर्वज तांबडा रानकोंबडा होय, असे डार्विनने मानले होते. परंतु २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने असे दाखविले की, अनेक पाळीव कोंबड्यांच्या पायांचा पिवळा वर्ण हा करड्या रानकोंबड्याचा वारसा आहे. आणि हा करडा रानकोंबडा आंबोलीच्या घाटापासून दक्षिणेपर्यंत सह्याद्रीच्या रानांत आजही आरवतो. रानातला तांबडा पक्षी लहान लहान टोळ्या करून राहतो, आणि टोळीतील प्रत्येकाला आपले स्थान ठाऊक असते. परसात आलेल्या पक्ष्याने हा स्वभाव टाकलेला नाही. म्हणून परका पक्षी दिसताच जुन्या कोंबड्या त्याच्यावर तुटून पडतात: यात क्रौर्याचा हेतू नसून प्रस्थापित क्रमाचे रक्षण असते. थोर्लेइफ श्येल्डेरुप-एब्बे या नॉर्वेच्या अभ्यासकाने बालपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण करून १९२१ मध्ये हा चोच मारण्याचा क्रम शास्त्राच्या भाषेत मांडला. परंतु ज्या बाईने कोणती कोंबडी कोणत्या कोंबडीला दाण्यावरून हाकलते हे रोज पाहिले होते, तिला तो वेगळ्या शब्दांत आधीच अवगत होता.

पूर्वीच्या काळी या प्रवेशाचा मोठा भार खुद्द कोंबडीच उचलीत असे. थंडीच्या दिवसांत खुडूक झालेली कोंबडी पेंढा घातलेल्या पाटीत अंड्यांवर बसविली जाई, एकविसाव्या दिवशी पिले बाहेर पडत, आणि पुढील कित्येक आठवडे ती आई पिलांना पंखांखाली घेऊन साऱ्या परसात हिंडे. घार, मुंगूस आणि जुन्या कोंबड्या या तिघांशीही तीच झुंजे. आईने पिलांना दूर लोटण्याची वेळ येई तोवर ती पिले सर्वांच्या नजरेच्या परिचयाची झालेली असत. पुढे आषाढ संपता संपता, श्रावणाच्या आधी, कळपातील काही कोंबडे ताटात जात. जागा रिकामी होई, आणि वयात आलेल्या तलंगांना कळपात सामावणे सुलभ जाई. अशा रीतीने पंचांग आणि पाकशाला ही दोन्ही या वहिवाटीला साहाय्यभूत होती.

बाजारातून आणलेल्या पक्ष्याला मात्र आईचे कवच नसे. त्याच्यासाठी निराळी तजवीज होई. पायाला दोरी बांधून त्याला काही दिवस पडवीच्या खांबापाशी ठेवीत, किंवा बुरुडाने विणलेल्या डालग्याखाली खळ्यात डालीत. जुन्या कोंबड्यांना तो दिसे, परंतु त्यांची चोच त्याच्यापर्यंत पोहोचत नसे. मग एखाद्या रात्री काळोखात, जेव्हा कोंबडीला फारसे दिसत नाही, तेव्हा त्याला चिऱ्यांच्या खुराड्यात हळूच सोडीत. पहाटे भाताची कणी एका जागी न टाकता दोन-तीन ठिकाणी विखरून टाकीत, म्हणजे एकाही कोंबडीला साऱ्या दाण्यावर मालकी सांगता येत नसे. एकट्या पक्ष्यापेक्षा दोघे-तिघे समवयस्क एकदम सोडणे बरे, हाही त्यातलाच अनुभव. कारण त्यामुळे जुन्या कोंबड्यांचा रोष एकावरच पडत नसे.

या वहिवाटीत एक उणीव होती, व ती प्रामाणिकपणे नोंदली पाहिजे. दृष्टीचा परिचय झाला तरी रोगाचा प्रतिबंध होत नसे. कुमाऊँमधील राणीखेतचे नाव मिळालेली, आणि आपल्याकडे मानमोडी म्हणून ओळखली जाणारी साथ १९२७-२८ च्या सुमारास हिंदुस्थानात ओळखली गेली, आणि नवा पक्षी कळपात आणणे म्हणजे अदृश्य शत्रूलाही दार उघडणे होय, हे हळूहळू ध्यानात आले. म्हणून आता नवागताला आधी लस टोचून, दोन ते चार आठवडे अन्य कोंबड्यांपासून दूर, वेगळ्या भांड्यात दाणा-पाणी देऊन ठेवावे, आणि नंतरच डालग्याची पायरी सुरू करावी.

बंगळूरची गिरिराज, हैदराबादची वनराजा अशा जातींची यंत्रात उबविलेली पिले कोकणच्या परसांत येऊ लागली, तेव्हा या विद्येचे महत्त्व कमी न होता उलट वाढले. या पिलांना आई नाही. त्यांची ओळख करून देणारे, त्यांचा कैवार घेणारे कोणी नाही. जे कार्य कोंबडी निमूटपणे करी, ते आता घरातील माणसाने जाणीवपूर्वक करावयाचे आहे. जुन्या गृहिणींनी परक्या पक्ष्यासाठी योजलेले दोरी, डालगे, रात्रीची वेळ आणि विखुरलेली कणी हे उपाय म्हणूनच आज सर्वच पिलांना लागू पडतात. ज्या घरी ही रीत ठाऊक असणारी वृद्ध स्त्री हयात आहे, त्या घरातील तरुणांनी पिलांची पेटी घरी आणण्यापूर्वी तिच्यापाशी बसावे आणि ती काय काय करीत होती ते विचारून घ्यावे.