पणजी नगरी आणि तिची वाहने

आपण धाम नदीच्या काठची माणसे. आपल्याकडे गावापासून शेतापर्यंत बंडी सरळ चालत आली. वाटेत फार तर एखादा नाला आडवा यावयाचा. म्हणून ज्या नगरात काही घरे टेकडीवर, बाजार खाली आणि शेजारचे गाव खाडीच्या पलीकडे, तेथील माणसे जात-येत कशी असतील, ही जिज्ञासा आपल्या ज्ञातिबांधवांस असणे स्वाभाविक आहे. गोव्याची राजधानी पणजी ही अशीच नगरी होय.

मांडवीच्या मुखाशी, आल्तिनो टेकडीच्या आश्रयाने ती वसली आहे. जुन्या गोव्यात रोगांच्या साथींनी कहर केल्यामुळे पोर्तुगीज व्हाइसरॉय १७५९ साली येथे राहावयास आला आणि १८४३ साली हिला राजधानीचा मान मिळाला. रायबंदरकडे जाणारा सुमारे ३ किलोमीटर लांबीचा दगडी बांध मात्र त्याच्या कितीतरी आधी, १६३३-३४ मध्ये, दलदलीतून घातला गेला होता. तो आजही वाहतुकीच्या उपयोगी पडतो.

त्या काळी श्रीमंतांचे वाहन म्हणजे मचिला. दांड्याला टांगलेली ती एक डोलीच. ती वाहणारे भोई. मचिल्याच्या थाटाचे वर्णन पुष्कळांनी आवडीने केले आहे. भोयांच्या खांद्यांवरील घट्ट्यांविषयी कोणी फारसे लिहिलेले मला आढळले नाही. हे केवळ पोर्तुगिजांचेच पाप, असे म्हणावयास आपण मोकळे नाही. आपल्या माथेरानच्या डोंगरावर माणसाने माणसास ओढावयाच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयास २०२५ साली द्यावा लागला!

नदी ओलांडण्यास होड्या व पुढे फेरीबोटी होत्या. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि १९७० साली मांडवीवर मोठा पूल झाला. फेरीबोटीचे दिवस सरले, असेच सर्वांस वाटले असावे. परंतु ५ जुलै १९८६ रोजी तो पूल कोसळला. नवा पूल १९९२ साली खुला होईपर्यंत पणजी-बेतीच्या धक्क्यांवर पुनश्च माणसांची रीघ लागली. पुढे २०१९ मध्ये तिसरा, अटल सेतू झाला, तरी गोव्याच्या नद्यांतून फेरीबोटी चालूच आहेत.

धक्क्यावर उतरल्यावर भेटतो तो ‘पायलट’. हा विमान चालविणारा नव्हे! काळी मोटारसायकल, तिच्या पुढच्या चाकावर पिवळे मडगार्ड, आणि मागे एक उतारू. गल्लीबोळांतून आणि टेकडीच्या चढणीवरून तो लीलया जातो. भारतात अन्यत्र भाड्याची मोटारसायकल रूढ होण्यापूर्वी कित्येक वर्षे गोव्यात ती चालत होती. मला तिचे विशेष वाटते ते हे की, येथे वाहून नेणारा आणि नेला जाणारा एकाच आसनावर बसतात. पायलट पुढे, शेठजी मागे. परंतु घरोघरी स्वतःची स्कूटर आल्यापासून पायलटांचे गिऱ्हाईक ओसरले आहे आणि तरुण मुले या धंद्याकडे फारशी वळत नाहीत.