माळशेजला हुकलेली रेल्वे

आठवीतली सहल आठवते का? जुन्नर स्टँडवरून लाल एसटी पहाटेच निघाली होती. कार्ल्याची लेणी पाहून झाल्यावर सरांनी गाडी मुद्दाम लोणावळा स्टेशनाकडे घ्यायला लावली, कारण वर्गातल्या निम्म्या मुलांनी तोवर आगगाडी पाहिलीच नव्हती. आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातून आलेले आपले वसतिगृहातले मित्र तर घाट चढून आलेल्या त्या गाडीकडे पाहतच राहिले. परतताना मी विचारलं, "सर, डोंगर आपल्याकडेही आहेत. मग रेल्वे लोणावळ्यालाच का?" सर हसून म्हणाले, "मोठा झालास की शोधून काढ."

सर, गृहपाठ फार उशिरा देतोय. सांभाळून घ्या.

आपलं जुन्नर हे मुळात घाटवाटेवर वाढलेलं गाव. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरचा माल नाणेघाट चढून इथे यायचा. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण आपण सगळ्यांनी हात लावून पाहिलाय. त्यात जकातीची नाणी टाकत, असं आपले आजोबा सांगायचे. तिथल्या गुहेत राणी नागनिकेचा लेख आहे. जुन्नरभोवतीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये यवनांची, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या परदेशी माणसांची, नावं कोरलेली आहेत. पुढे १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाही उभी केली ती याच भागात. जुन्नरी कागद पेशव्यांच्या दफ्तरापर्यंत पोचला. हे सारं वैभव घाटवाटेच्या जिवावर होतं.

आता रेल्वेकडे येऊ. १८४० च्या दशकात मुंबईहून देशावर रेल्वे नेण्याचे बेत सुरू झाले, तेव्हा मोठा प्रश्न होता सह्याद्रीचा. तो कुठे ओलांडायचा? सुरुवातीच्या आराखड्यांत नाव होतं आपल्या माळशेज घाटाचं! एकदाच घाट चढायचा आणि वर आल्यावर एक फाटा वऱ्हाड-नागपूरकडे, दुसरा पुणे-सोलापूरकडे न्यायचा, असा तो विचार. माळशेज चढून वर आलं की पुढे ओतूर आणि आळेफाटा. तसं झालं असतं तर देशातलं एक मोठं जंक्शन आपल्या उंबऱ्याशी आलं असतं.

जी. आय. पी. रेल्वेचा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले १८५० मध्ये मुंबईत आला. डोंगराची पाहणी झाली, माळशेजचा बेत मागे पडला आणि एका घाटाऐवजी दोन घाट ठरले. पुण्याकडे जायला बोरघाट, नाशिककडे जायला थळघाट. नकाशा काढून पाहा. एक आपल्या दक्षिणेला, एक उत्तरेला. आपण बरोबर मधे राहिलो.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी धावली. १८५८ मध्ये खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला, पण मधला घाट अजून बाकी होता. खालच्या स्टेशनावर उतरलेले प्रवासी पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून खंडाळ्याला यायचे आणि वर पुन्हा गाडीत बसायचे. घाटाचं काम १८५६ ते १८६३ चाललं. पंचवीस बोगदे, १,८३१ फुटांची चढण आणि सर्वांत अवघड जागी ३७ फुटांमागे एक फूट चढ. एका ठिकाणी तर गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून उलट दिशेने काढावी लागे. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको ॲलिस हिने ठेका अंगावर घेऊन काम पुरं करवलं. पटकी, ताप आणि अपघात यांनी हजारो मजूर गेले. त्यांची नावं कोणत्याही स्टेशनावर लिहिलेली नाहीत.

२१ एप्रिल १८६३ ला बोरघाट खुला झाला आणि लोणावळ्याच्या लहानशा वस्तीचं गाव झालं. इंजिनांची शेड आली, रेल्वेच्या चाळी आल्या, बाजार आला. १८६५ मध्ये थळघाट सुरू झाल्यावर इगतपुरीचंही तेच झालं. इकडे जुन्नरची पेठ मात्र ओसरत गेली. माल रेल्वेने जाऊ लागल्यावर नाणेघाटात बैलांचे तांडे कशाला येतील? गिरणीच्या स्वस्त कागदापुढे आपला हातकागदही टिकला नाही.

पण आपण बसून राहिलो नाही. नारायणगावचा टोमॅटो, ओतूरचा कांदा, मंचरचा भाजीपाला रेल्वेवाचूनच देशभर जातो. आपल्यातले कितीतरी जण एसटीने पुणे-मुंबईला गेले आणि तिथलेच झाले. या मेळाव्यासाठीही बहुतेक जण रस्त्यानेच आलात. नारायणगावच्या अलीकडे किती वेळ अडकलात, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

आता पुणे-नाशिक रेल्वेची चर्चा आहे. मोजणी झाली, शेतात खुणा लागल्या, काहींच्या घरात "जमीन द्यायची की नाही" यावरून भांडणंही झाली. आणि मग खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला अडथळा नको म्हणून मार्ग बदलण्याचं पुढे आलं. एकदा सह्याद्रीमुळे हुकली, आता आकाशातल्या ताऱ्यांमुळे! हसू येतं, पण ज्याच्या शेतात खूण लागून राहिली आहे त्याला येत नाही.

सर, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: डोंगर आपल्याकडेही होते, वाट तर दोन हजार वर्षांची होती, पण ती कुठून जावी हे ठरवणारी माणसं इथली नव्हती. या वेळी ठरेल तेव्हा निदान आपली मुलं त्या बैठकीत असावीत. त्यातली काही आपल्याच शाळेची असतील, तर गृहपाठाला पुरे मार्क द्या.