लेकरू लाटांवर, ओळख मनगटावर

पनवेल, खास प्रतिनिधी

दिवाळीची वा नाताळची सुटी लागली की पनवेल आणि नवी मुंबईतील कुटुंबांची पावले समुद्राकडे वळू लागतात. कुणी गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने घारापुरी गाठते, कुणी मांडव्याला जाते, तर कुणी मोरा ते भाऊचा धक्का ही फेरी केवळ मुलांच्या हौसेखातर करते. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून कॉर्डेलिया क्रूझ सुरू झाली आणि समुद्रावर दोन-तीन रात्री काढण्याची हौसही अनेकांनी पुरवून घेतली. खाऊचे डबे, टोप्या, उलटीवरच्या गोळ्या यांची तयारी घरोघरी नेमाने होते. मात्र मूल आपल्यापासून दुरावले, तर ते कोणाचे आहे हे अनोळखी माणसाला कसे कळावे, याचा विचार क्वचितच केला जातो.

१८ डिसेंबरचा धडा

१८ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी चारच्या सुमारास घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली. बोटीवर शंभराहून अधिक माणसे होती. या दुर्घटनेत १५ जणांचा मृत्यू झाला. बेपत्ता झालेल्या सात वर्षांच्या मुलाचा मृतदेह तीन दिवसांनी हाती लागला.

वाचलेल्यांना ज्याला जी नौका मिळाली तिने, जो किनारा जवळ होता तेथे नेण्यात आले. कुणी उरणच्या रुग्णालयात, कुणी मुंबईच्या, अशी एकाच कुटुंबातील माणसे विखुरली. केरळहून आलेला सहा वर्षांचा एक मुलगा असाच उरणच्या रुग्णालयात आई-वडिलांवाचून होता. ते बेपत्ता असल्याची भीती व्यक्त झाली. पुढे ते सुखरूप असल्याचे कळले. तो मुलगा सहा वर्षांचा होता, बोलू शकत होता. त्याच्या जागी दोन वर्षांचे मूल असते, तर त्याने काय सांगितले असते?

बुडण्यापासून वाचवणे ही सुरक्षेची पहिली पायरी, तर वाचलेले मूल आपल्या माणसांपर्यंत पोहोचवणे ही दुसरी. दुसऱ्या पायरीची तयारी धक्का सोडण्यापूर्वीच, आणि तीही पालकांनीच करावी लागते.

यादीत नाव आहे का?

मोठ्या प्रवासी जहाजांना ‘सोलास’ हा सागरी जीवितसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार लागू असतो. १९१२ मधील ‘टायटॅनिक’च्या दुर्घटनेनंतर १९१४ मध्ये त्याचा पहिला मसुदा तयार झाला. जहाज सुटण्यापूर्वी सर्वांची मोजदाद व्हावी आणि प्रत्येकाच्या नावाची नोंद प्रौढ, मूल व तान्हे बाळ असा भेद करून ठेवावी, असे या कराराचे सध्याचे नियम सांगतात. शोधकार्य करणाऱ्यांना आपण कोणाला शोधत आहोत हे कळावे, हा त्यामागील हेतू आहे.

बंदरातल्या बंदरात फिरणाऱ्या लाँचना हा करार लागू नाही. लाँचच्या साध्या तिकिटावर प्रवाशाचे नाव नसते आणि जेथे तान्ह्या मुलाला तिकीट लागत नाही, तेथे ते मोजणीतूनही सुटू शकते. म्हणूनच कुटुंबातील सर्वांची नावे, वये आणि बोटीचे नाव घरी राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला संदेशाने कळवून ठेवावे. ही झाली आपली स्वतःची यादी.

‘आधार’ची मर्यादा

मुलाचे ‘आधार’ काढले आहे, मग चिंता कशाची, असे अनेक पालकांना वाटते. परंतु पाच वर्षांखालील मुलांच्या बाल आधारमध्ये बोटांचे ठसे वा डोळ्यांच्या बाहुल्यांची नोंद घेतली जात नाही. ती पाच वर्षांनंतर करून घ्यावी लागते. साहजिकच, ज्या वयात मुलाला स्वतःची ओळख सांगता येत नाही, त्याच वयात ठशांवरूनही ती पटवता येत नाही. पालकांच्या मोबाइलमध्ये मुलाचे छायाचित्र असते खरे. पण पाण्यात मोबाइल बंद पडला की तेही गेले. ओळख असावी ती मुलाच्या अंगावरच.

मनगटावर काय लिहावे?

पाण्याने न निघणारा पट्टा मुलाच्या मनगटावर बांधावा. तो न मिळाल्यास कापडी चिकटपट्टीवर न पुसणाऱ्या शाईच्या पेनाने लिहून ती कपड्याच्या आतील बाजूस शिवावी. त्यावर पुढील मजकूर असावा :

- आई किंवा वडिलांचा मोबाइल क्रमांक.
- बोटीवर नसलेल्या, घरी असणाऱ्या नातेवाइकाचा क्रमांक. हा सर्वांत महत्त्वाचा. कारण संकटात पालकांचेही मोबाइल बंद असू शकतात.
- रक्तगट, तसेच दमा, फिट येणे किंवा एखाद्या औषधाचे वावडे असल्यास त्याचा उल्लेख.
- मुलाचे नाव पट्ट्याच्या आतील बाजूस. बाहेर लिहिलेले नाव वाचून परका माणूस मुलाला सहज जवळ बोलावू शकतो.

बोटीत चढण्यापूर्वी त्या दिवसाच्या कपड्यांत मुलाचे पूर्ण छायाचित्र काढून घरी पाठवावे. कपडे भगव्या, लाल किंवा पिवळ्या रंगाचे असावेत. निळा आणि पांढरा रंग पाण्यात लवकर नजरेस पडत नाही. मुलांना आई-वडिलांची संपूर्ण नावे पाठ करून घ्यावीत. ‘बाबांचे नाव काय’ या प्रश्नाला ‘बाबा’ एवढेच उत्तर देणारी मुले कमी नाहीत.

जॅकेट मापाचेच हवे

मोठ्यांचे लाइफ जॅकेट लहान मुलाला घालणे धोक्याचे असते. पाण्यात पडताच मूल त्यातून निसटू शकते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जॅकेटचे तीन प्रकार आहेत. १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांसाठी एक, १५ ते ४३ किलो वजनाच्या मुलांसाठी दुसरे आणि त्यापुढे मोठ्यांचे. मापाची परीक्षा सोपी आहे. सर्व पट्टे आवळल्यावर जॅकेट खांद्यांपाशी धरून वर ओढावे. ते हनुवटी-कानांपर्यंत सरकले तर ते सैल आहे, असे समजावे. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असणे आवश्यक आहे. हवा भरून फुगवायची रबरी चक्रे ही खेळणी आहेत, सुरक्षासाधने नव्हेत.

‘नीलकमल’ दुर्घटनेनंतर गेटवेहून सुटणाऱ्या बोटींवर लाइफ जॅकेट घालणे सक्तीचे करण्यात आले. बोट सुटण्यापूर्वी खलाशांकडे मुलांच्या मापाचे जॅकेट मागावे; ते नसेल किंवा बोटीत मर्यादेपेक्षा अधिक माणसे चढत असतील, तर पुढची बोट धरावी.

क्रूझवर गेल्यावर

- धोक्याचा इशारा म्हणजे भोंग्याचे सात किंवा अधिक छोटे आवाज व त्यानंतर एक लांब आवाज. मुलांनाही तो ओळखता यावा.
- संकटकाळी कोठे जमायचे ते ठिकाण आधी चालत जाऊन मुलांना दाखवावे. २०१२ मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ बुडून ३२ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची ही तालीम व्हायची होती. २०१५ पासून ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक आहे. ती चुकवू नये.
- अनेक जहाजांवर मुलांना जमण्याच्या ठिकाणाची खूण असलेला पट्टा देतात. आपल्या जहाजावर तशी सोय आहे का आणि मूल खेळघरात असताना इशारा झाल्यास त्याला कोण, कोठे नेणार, हे पहिल्याच दिवशी विचारावे.
- बाल्कनीच्या कठड्याजवळ खुर्ची वा टेबल ठेवू नये.
- एका मुलावर एकाच मोठ्या माणसाने लक्ष ठेवावे. सर्वांचे लक्ष आहे असे मानले की कोणाचेच राहत नाही.

चुकामूक झाल्यास

मूल दिसेनासे होताच आधी बोटीवरील कर्मचाऱ्यांना सांगावे, स्वतः शोधण्यात वेळ दवडू नये. ‘हरवलास तर आहेस तेथेच थांब, गणवेशातील माणसाला मनगट दाखव’, हे मुलाला आधीच शिकवावे. कोणी पाण्यात पडल्यास आरडाओरड करून जवळचे तरंगते कडे फेकावे आणि एकाने त्या व्यक्तीवरील नजर क्षणभरही हटवू नये. समुद्रातील शोध व बचावासाठी तटरक्षक दलाचा १५५४, मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि कोणत्याही आपत्तीत ११२ हे क्रमांक उपयोगी पडतात.

बहुतेक सहली सुखरूप पार पडतात आणि मनगटावरचा पट्टा घरी येऊन कापून टाकला जातो. तो वाया गेला, असे मात्र कोणी समजू नये.