थ्रेड : चिंचवडचा बंब, कारखान्याचे बाष्पक आणि गच्चीवरचा सूर्य

१/ १८६३ साली कलकत्त्यात बाष्पकाचा, म्हणजे बॉयलरचा, स्फोट होऊन अनेकांचे प्राण गेले. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बाष्पक-तपासणीचा कायदा झाला. अखिल भारतीय कायदा यायला मात्र १९२३ उजाडले. त्याची व्याख्या अशी : दाबाखाली वाफ निर्माण करणारे, पाच गॅलनहून मोठे बंद पात्र. यातला ‘बंद’ हा शब्द लक्षात ठेवा.

२/ कारण आपल्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब या व्याख्येबाहेर राहिला. मधोमध उभी नळी, तिच्यात ढलप्या, गोवऱ्या, करवंट्यांचा विस्तव, भोवती पाणी. पाण्याला वर वाट मोकळी, म्हणून दाब साचत नसे. अनेक बंबांत वरून बादलीभर गार पाणी ओतले की ते तळाशी जाई आणि तितकेच कढत पाणी तोटीतून बाहेर पडे. न ओतता घ्यायची सोयच नाही; त्यामुळे बंब कोरडा जळण्याची भीती नसे. (ही युक्ती मला आजही थक्क करते.)

३/ १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, १९६२ मध्ये एमआयडीसी आली. १९६६ मध्ये सुरू झालेली वॅन्सन इंडिया पुढे चिंचवडला बाष्पके घडवू लागली. १९८० पासून तिचे नाव थरमॅक्स. कारखान्यातल्या बाष्पकापाशी प्रमाणपत्रधारक माणूस लागे. पहिल्या पाळीच्या कामगारासाठी त्याच्याही आधी उठून बंब पेटवणाऱ्या बाईचे कौशल्य मात्र कोणत्याच दप्तरात नोंदले गेले नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही रिकामी जागा खुपते.

४/ आता त्याच परिसरातल्या इमारतींत दोन ‘बंब’ आहेत : गच्चीवर सौर, न्हाणीघरात गिझर. पूर्वीचा प्रश्न विस्तव किती ठेवायचा, हा होता. आताचा, आधी कोणी तापवायचे, हा आहे. सौर टाकीतली विजेची कॉइल संध्याकाळीच लावली, तर सकाळी टाकी आधीच गरम असते आणि उन्हाला तापवायला फारसे काही उरत नाही. त्यापेक्षा सौर पाणी गिझरमध्ये सोडावे. ते पुरेसे तापलेले असेल तर थर्मोस्टॅट वीज घेतच नाही. कोमट असेल तर उरलेली कसर भरून काढतो. फक्त इतके तापलेले पाणी आत घेणे त्या गिझरला चालते ना, हे आधी पाहावे.

५/ थर्मोस्टॅटला आतल्या पाण्याचे तापमान कळते, बाहेरचे आभाळ नाही. आषाढात चार दिवस ऊन पडले नाही की गिझरचे बटण दाबायला पहाटे कुणीतरी उठतेच. आमच्या घरी ती अजून आईच असते.