रेडिओच्या डब्यातून आलेली विद्या

सेनगाव हे आज हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असले, तरी 1956 पर्यंत ते हैदराबाद राज्यात आणि 1 मे 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यात मोडत होते. म्हणून इलेक्ट्रॉनिक दळणवळणाच्या येथील शिक्षणाला मुंबई-पुण्याची उशिरा निघालेली प्रत समजणे चुकीचे ठरते. निजाम सरकारने 1935 मध्ये ताब्यात घेतलेले हैदराबादचे रेडिओ केंद्र उर्दूबरोबर मराठीतही कार्यक्रम देत असे, आणि 1 एप्रिल 1950 रोजी ते आकाशवाणीत विलीन झाले.

ऐकणारे आधी आले, शिकवणारे फार नंतर. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, 1988 पासून केंद्राच्या साहाय्याने, दहावीनंतरच्या दोन वर्षांचे किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले एमसीव्हीसी, महाराष्ट्राच्या कनिष्ठ महाविद्यालयांत रुजले आणि रेडिओ व दूरचित्रवाणी संचांची देखभाल-दुरुस्ती हा त्यांतील एक विषय ठरला.

'दुरुस्ती' या शब्दाने मात्र त्या शिक्षणावर अन्याय केला. परभणी आकाशवाणीची मध्यम लहर 1305 किलोहर्ट्झची. ती पकडताना संचातील आंदोलक, म्हणजे स्वतःची लहर निर्माण करणारा परिपथ, 1760 वर चालतो आणि दोहोंच्या मिश्रणातून 455 किलोहर्ट्झची ठरावीक मध्यंतर वारंवारता मिळते, जिच्यातून शेवटी आवाज वेगळा काढला जातो. सुपरहेटरोडाइन नावाची ही रचना ज्याला मल्टीमीटर आणि सोल्डरिंग गन घेऊन टप्प्याटप्प्याने तपासता आली, त्याच्या हाती दळणवळणशास्त्राचा गाभाच आला, मग प्रमाणपत्रावर 'मेकॅनिक' लिहिलेले असो.

पुढे हे सारे टप्पे एका चिपमध्ये सामावले, दोष शोधण्याऐवजी अख्खा बोर्ड बदलण्याची रीत पडली आणि कारागिराचे निदानकौशल्य दुकानातून ओसरले. अभ्यासक्रमांची नावे बदलली, तरी ही पोकळी नावाने भरणारी नव्हती. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेला केंद्राने 2011 मध्ये मंजुरी दिल्यावर एक जुनेच काम नव्या रूपात परतले: केसाएवढ्या दोन काचतंतूंची टोके पुसून, काटकोनात कापून, विजेच्या ठिणगीने वितळवून सांधायची आणि सांध्यात किती डेसिबल प्रकाश वाया गेला ते मोजायचे.