उल्का, अशनी आणि एक लांबलेला वाद

आकाशात प्रकाशरेषा चमकली की मुले ‘उल्का पडली’ म्हणतात. संग्रहालयातील काळ्या दगडासही ती उल्काच म्हणतात. आम्ही शिक्षकही पुष्कळदा असेच बोलतो. वस्तुतः येथे तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. सूर्याभोवती फिरणारा, अद्याप वातावरणाबाहेर असलेला लहान घनपिंड म्हणजे मीटिऑरॉइड. तो वातावरणात शिरून तापला असता दिसणारा प्रकाश म्हणजे उल्का. आणि भूमीवर पोहोचलेला त्याचा अवशेष म्हणजे अशनी. हा भेद कोशकारांच्या हौसेतून उपजलेला नाही. तो दीर्घ वादातून निष्पन्न झाला आहे.

ग्रीक मुळाप्रमाणे ‘मीटिअर’ म्हणजे उंच हवेत घडणारे ते सर्व : पाऊस, वीज, इंद्रधनुष्यदेखील. साहजिकच आकाशातून दगड पडतात ही गोष्ट पंडितांना पटेना. 1768 साली फ्रान्समधील ल्यूसे येथे शेतकऱ्यांनी पडताना पाहिलेला दगड लाव्हाझिए आदी रसायनज्ञांनी तपासला आणि तो वीज पडलेला पार्थिव दगडच ठरविला. आमच्या ‘अशनि’ शब्दाचा मूळ संस्कृत अर्थही वीज, वज्र असाच आहे, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

1794 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ क्लाडनी याने हे दगड अवकाशातून येतात असे प्रतिपादिले. 1798 च्या डिसेंबरात काशीजवळ क्राखूत येथे दगड पडले. लंडनमध्ये हॉवर्ड याने ते व युरोपातील तसेच दगड तपासून 1802 साली दाखविले, की दूरदूरच्या या दगडांची घडण सारखी असून त्यांतील लोखंडात निकेल आहे. 1803 मध्ये फ्रान्समधील लेग्ल येथे दगडांचा वर्षावच झाला. बियो याने गावोगाव फिरून साक्षी घेतल्या आणि शंकेस जागा उरली नाही.

मात्र अवकाशातील पिंडास स्वतंत्र नाव मिळावयास आणखी साठ वर्षे लागली. अमेरिकन गणितज्ञ ह्यूबर्ट न्यूटन याने 1860 नंतरच्या दशकात ‘मीटिऑरॉइड’ हा शब्द योजिला. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने 1961 मध्ये त्याची व्याख्या केली व 2017 मध्ये तीस मायक्रोमीटर ते एक मीटर ही स्थूल मर्यादा घातली.

ल्यूसेच्या शेतकऱ्यांनी खरे तेच सांगितले होते. त्यांचे म्हणणे बसविण्यास पंडितांपाशी कल्पना नव्हती. वर्गात एखादे मूल नवल सांगू लागले, तर ‘असे होत नसते’ म्हणण्यापूर्वी आम्ही या इतिहासाचे स्मरण ठेवावे.