वनस्पतींची रोगप्रतिकारक्षमता

आक्रमक सूक्ष्मजीवांना ओळखून त्यांचा प्रसार रोखणारी वनस्पतींची जन्मजात यंत्रणा. प्रतिपिंडे व फिरत्या संरक्षक पेशी नसल्याने प्रत्येक पेशी स्वतंत्रपणे प्रतिकार करते. हॅरल्ड हेन्री फ्लॉर यांनी 1940 च्या दशकात जवसावरील तांबेऱ्याच्या अभ्यासातून ‘जनुकास जनुक’ सिद्धांत मांडला (पहा : तांबेरा). पेशीपटलावरील ग्राही प्रथिने जीवाणूंच्या कशाभिकेतील फ्लॅजेलिन, कवकांच्या भित्तिकेतील कायटिन असे घटक ओळखतात. पेशीच्या आतील ग्राही रोगकारकाने सोडलेली प्रथिने हेरतात. परिणामी पेशीभित्ती बळकट होते, पर्णरंध्रे मिटतात, सूक्ष्मजीवरोधी संयुगे तयार होतात व बाधित पेशी मरून संसर्ग थोपवला जातो. सॅलिसिलिक अम्लावर आधारित संकेतांमुळे दूरच्या पानांतही प्रतिकार वाढतो (पहा : वनस्पति-हॉर्मोने). भातावरील जीवाणुजन्य करपा रोखणाऱ्या एक्सए21 सारख्या जनुकांचा उपयोग रोगप्रतिकारक वाणांच्या पैदाशीत होतो.